परतीची वाट

उरुसाच्या कव्वालीला आमच्या अब्बांचे भोंगे लागत. तेव्हाचे उस्मानाबाद. २०२३ पासून सरकारी कागदावर शहर आणि जिल्हा दोन्ही धाराशिव झाले. आमच्या तोंडी अजून दोन्ही नावे येतात. हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजी यांच्या दर्ग्याचा उरूस म्हणजे साऱ्या गावाचा उरूस. अब्बांचे मूळ दुकान रेडिओ दुरुस्तीचे. लाऊडस्पीकर भाड्याने देणे हा जोडधंदा होता, पण खरे पाहता घर त्याच्यावरच चाले. सगळे लावून झाले, माईकवर ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणून झाले, की अब्बा आम्हाला म्हणायचे, “जा, पीछे जाके खडा रह. सुनके बोल.” आम्ही धावत शेवटच्या रांगेच्या मागे, रसाच्या गाड्यांपाशी जायचो आणि कान देऊन ऐकायचो. नीट ऐकू आले तर एक हात वर. नाही आले तर दोन्ही.

एके वर्षी गर्दी वाढेल म्हणून अब्बांनी मैदानाच्या मागच्या टोकाला आणखी एक भोंगा बांधला. कव्वाल संथ लयीत गात होते तोवर सारे ठीक होते. लय चढली तसे मागे शब्द कळेनासे झाले. आवाज मोठा होता, पण एक शब्द दुसऱ्याच्या अंगावर पडत होता. आम्ही दोन्ही हात वर केले. अब्बांनी दुरून पाहिले आणि आवाज वाढवला. गोंधळ आणखीच वाढला. शेवटी ते स्वतः मागे आले, दोन मिनिटे डोळे मिटून उभे राहिले, आणि मागचा नवा भोंगा बंद करून टाकला. आवाज कमी झाला, पण शब्द न् शब्द कळू लागला.

त्याचा हिशेब आम्हाला फार वर्षांनी समजला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोन भोंग्यांत शंभर मीटरचे अंतर असेल तर मागे बसलेल्याला जवळच्या भोंग्यातून शब्द लगेच ऐकू येतो आणि मंचाजवळच्या भोंग्यातून तोच शब्द सुमारे पाव ते एक तृतीयांश सेकंद उशिरा येतो. संथ गाण्यात एवढा उशीर खपून जातो. जलद गाण्यात तेवढ्या वेळात पुढचा शब्द येऊन ठेपलेला असतो. दोष भोंग्यात नव्हता आणि तारेतही नव्हता. वेग वाढला म्हणून मागचा शब्द पुढच्याच्या आड आला.

पुढे आमची सारी नोकरी याच एका गोष्टीमागे गेली. मैदानाच्या जागी वीतभर इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले, इतकाच फरक.

अब्बांकडे टीव्ही दुरुस्तीला येऊ लागले तेव्हाचीही एक आठवण आहे. १९८७ चा क्रिकेट विश्वचषक. वानखेडेवर इंग्लंडबरोबर उपांत्य सामना, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या एका टीव्हीवर कपिलदेवच्या शेजारी दुसरा फिकट कपिलदेव. लोक म्हणत, टीव्हीत भूत आलंय. अब्बा पडद्यावर बोट ठेवून खऱ्या माणसापासून भूत किती अंतरावर आहे ते पाहायचे. भूत लांब असेल तर म्हणायचे, लहर टेकडीवर नाहीतर पाण्याच्या टाकीवर आपटून येतेय, अँटेना फिरव. अगदी चिकटून असेल, म्हणजे कडा तेवढ्या दुहेरी दिसत असतील, तर म्हणायचे, तारेत गडबड आहे. वीस इंची पडद्यावर एक सेंटिमीटर सरकलेले भूत म्हणजे लहरीने हवेतून जवळजवळ चारशे मीटरचा जादा फेरा मारलेला असतो. हे गणित अब्बांना येत नव्हते. त्यांचे बोट मात्र चुकत नसे.

तारेतली गडबड बहुधा एकाच प्रकारची निघायची. छतावरच्या अँटेनाची चपटी वायर ३०० ओहमची आणि खालची गोल केबल ७५ ओहमची. पैसे वाचवायला कुणीतरी दोन्ही सरळ पिळून जोडलेल्या असत. प्रत्येक तारेचा आपला एक स्वभाव असतो. इंजिनियर त्याला इम्पिडन्स म्हणतात. एका स्वभावाच्या तारेतून दुसऱ्या स्वभावाच्या तारेत शिरताना लहर पूर्ण पुढे जात नाही, काही भाग माघारी फिरतो. ३०० आणि ७५ च्या या सांध्यावर व्होल्टेजचा साठ टक्के भाग परत फिरतो. तार तुटलेली नसते, सांधा घट्ट असतो, तरीही. अब्बा तिथे बोटाच्या पेराएवढा मेळ घालणारा ट्रान्सफॉर्मर बसवायचे. त्याचे खरे नाव बलन, पण दुकानात सगळे त्याला ‘बलून’ म्हणत. बलून बसला की सांध्यावरून परत फिरणे थांबायचे आणि चित्राच्या कडा साफ व्हायच्या.

तंत्रनिकेतन झाले, पुण्यात पदवी झाली, नोकरी लागली, तेव्हा आमच्या हाती जे काम आले त्याचे नाव ‘सिग्नल इंटिग्रिटी’. साध्या भाषेत सांगायचे तर बोर्डावर एका चिपकडून दुसऱ्या चिपकडे जो एक-शून्याचा निरोप जातो, तो पोहोचेपर्यंत ओळखण्याजोगा राहील का, हे बोर्ड तयार होण्याआधीच सांगायचे. आधी का, तर बोर्ड एकदा बनून आला की त्यातली तांब्याची रेष हलवता येत नाही. चूक निघाली तर पुन्हा नकाशा, पुन्हा कारखाना, पुन्हा काही आठवडे आणि काही लाख रुपये.

लोकांना वाटते, वीतभर अंतरात निरोप बिघडायला काय झाले? पण वेग पाहा. बोर्डाच्या फायबरमधून लहर एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जाते. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० मध्ये सेकंदाला पाच अब्ज बिट जातात. म्हणजे एका बिटच्या वाट्याला ०.२ नॅनोसेकंद, आणि तेवढ्यात लहर फक्त तीन सेंटिमीटर सरकते. तीस सेंटिमीटरच्या रेषेवर एका वेळी दहा बिट रांगेने चाललेले असतात. त्यातल्या एकाचा प्रतिध्वनी एखाद्या सांध्यावरून फिरला की तो मागून येणाऱ्या बिटला जाऊन धडकतो. पुन्हा उरुसाचे मैदान!

प्रतिध्वनी हा एकच शत्रू नाही. वेग वाढला की वीज तांब्याच्या फक्त सालीतून वाहते, म्हणून तांबे कमी पडते. फायबर लहरीची थोडी ताकद खाऊन टाकते, आणि जलद लहरीची जास्त खाते. शेजारून जाणारी रेष आपले बोलणे हिच्यात मिसळते. या सगळ्यांचा मिळून परिणाम पाहायला एक चित्र असते. हजारो-लाखो बिट एकमेकांवर ठेवून ऑसिलोस्कोपवर काढले की मधे एक पोकळी उरते, डोळ्याच्या आकाराची. आम्ही तिला डोळाच म्हणतो. डोळा टपोरा उघडा असेल तर घेणाऱ्याला एक आणि शून्य वेगळे कळतात. बारीक झाला की चुका होऊ लागतात. मिटला की निरोप संपला. आणि हा डोळा पाठवणाऱ्यापाशी पाहायचा नसतो. घेणाऱ्यापाशी पाहायचा असतो. पाठवणाऱ्यापाशी तो नेहमीच सुंदर दिसतो.

या कामाची महाराष्ट्रात मोठी उदाहरणे आहेत. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. पेपरांनी त्याच्या गणिताच्या वेगाचे कौतुक केले. पण असा संगणक म्हणजे एक मोठा मेंदू नसतो, अनेक लहान मेंदू एकमेकांशी बोलत असतात. बोलणे अडले तर मेंदू रिकामे बसतात. म्हणून सी-डॅकने ‘परमनेट’ नावाचे आपले जोडजाळे बनवले. ‘परम पद्म’च्या वेळी ते सेकंदाला अडीच अब्ज बिटवर होते, २००८ च्या ‘परम युवा’मध्ये दहा अब्जांवर गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ महासंगणक देशाला अर्पण झाले, त्यातला एक नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी आहे. तिथे तर तीस महाकाय अँटेना कित्येक किलोमीटरवर पसरलेल्या आहेत आणि आकाशातला क्षीण निरोप काचेच्या तंतूंवरून एका खोलीत आणला जातो. तो वाटेत बिघडला तर आकाशाकडे पाहून उपयोग काय?

आम्ही घरी पहिल्यांदा आमचे काम समजावून सांगितले तेव्हा अम्मी एकदम गंभीर झाल्या. “होनेवाले की खबर अल्लाह कू. तू काय का भविष्य बोलता रे?” त्यांच्या मनात पोपट घेऊन बसणारा ज्योतिषी असावा. आम्ही हसलो, पण प्रश्न मनात राहिला. उत्तर सापडले ते आपल्याच जिल्ह्यात पाहिलेल्या एका गोष्टीत.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला चार-पाच मिनिटे कमी. आमच्या घरातली भांडी फळीवरून खाली आली. सकाळपर्यंत किल्लारीचे नाव कळले, मग सास्तूरचे. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. आम्ही तेव्हा तंत्रनिकेतनात शिकत होतो. तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातून भाकरी, चादरी आणि औषधे घेऊन ट्रक निघाला. सूचना देता याव्यात म्हणून अब्बांनी बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर आणि एक भोंगा घेतला. सास्तूरला जे पाहिले ते लिहिण्याचे इथे कारण नाही. एवढेच सांगतो, की माळवदाची घरे दगडांचे ढीग झाली होती. दोन-दोन हात रुंद भिंती, दगड मातीत रचलेले, वर मातीचे जड छत. उन्हाळ्यात थंड, पिढ्यान् पिढ्या मजबूत म्हणून ओळखलेली घरे. आणि गावाकडेला कुडाच्या झोपड्या बऱ्याच ठिकाणी तशाच उभ्या होत्या.

अम्मींना आम्ही पुढे एका सुट्टीत हे सांगितले. भूकंप कधी येणार, हे कुणाला ठाऊक नव्हते आणि आजही नाही. ती खबर अल्लाहची. पण हादरा बसला तर मातीत रचलेली दगडी भिंत काय करील आणि हलके कुडाचे घर काय करील, हे आधी सांगता येण्याजोगे होते. कुणी विचारले नव्हते, एवढेच. आम्ही बोर्डाबाबत तेच करतो. उद्या त्या तारेतून कोणता निरोप जाईल हे आम्ही सांगत नाही. कोणताही निरोप गेला तरी तार त्याच्याशी कशी वागेल, एवढे सांगतो. उंट मोकळा सोडून तवक्कल करू पाहणाऱ्याला आधी तो बांधायला सांगितल्याची रिवायत आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. आमचे काम म्हणजे ती दोरी तपासणे. अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हौ, तो नीट बांध.”

न विचारता मोठ्याने ओरडण्याची हौस माणसाला जुनी आहे. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली तारेची केबल टाकली, तेव्हा इतक्या लांब तारेत निरोप पसरट होत जाईल आणि अंतराच्या वर्गाच्या पटीत मंदावेल, असे ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन यांनी काही वर्षे आधीच गणित करून सांगितले होते. कंपनीचे विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस यांना ते पटले नाही. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा निरोप पोहोचायला सोळा तास लागले. निरोप अस्पष्ट येतो म्हणून व्हाइटहाउस यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच कच्ची असलेली ती केबल काही आठवड्यांतच मेली. थॉमसन यांनी उलट बाजूने विचार केला होता: पाठवणाऱ्याने ओरडायचे नाही, घेणाऱ्याने बारीक ऐकायचे. त्यांनी आरशावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याने अगदी क्षीण प्रवाह वाचणारे उपकरण केले. १८६६ मध्ये अटलांटिकची केबल टिकली, आणि १८७० मध्ये एडनमार्गे मुंबईही समुद्राखालून इंग्लंडशी जोडली गेली. पुढे १८८० च्या दशकात ऑलिव्हर हेविसाइड यांनी तारेचे संपूर्ण गणित बसवले. सोळाव्या वर्षी शाळा सोडून पुढे तार कंपनीत लागलेला हा माणूस. आज जगातल्या कोणत्याही बोर्डाचा डोळा आधी पाहायचा असेल तर सॉफ्टवेअरच्या पोटात तेच गणित चालते.

हे सगळे आम्हाला पाठ होते. तरीही २००६ मध्ये आमच्या हातून जे झाले ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

त्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. वीज जाते तशी परत येते. मशिदीच्या अँप्लिफायरमध्ये ‘हूंऽऽ’ असा घुमणारा आवाज आला की अब्बा माईककडे बघत नसत, अर्थिंगकडे बघत. म्हणायचे, “गया हुआ करंट वापस किधर से आता, वो देख.” बोर्डावर रेषेच्या खाली तांब्याचा अखंड पत्रा असतो, त्याला ग्राउंड म्हणतात. जलद सिग्नलचा परतीचा प्रवाह त्या पत्र्यातून, रेषेच्या बरोबर खालून, तिला चिकटून येतो. पत्र्यात फट असेल तर परतीच्या प्रवाहाला वळसा घालावा लागतो. एकाच फटीवरून अनेक रेषा गेल्या तर त्या सगळ्यांचे परतीचे प्रवाह त्याच वळशाला गर्दी करतात आणि एकमेकांत मिसळतात. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. वरची रेष सरळ, सुंदर असते.

आमच्या त्या बोर्डावर मेमरीला जाणाऱ्या सोळा रेषा एका फटीवरून जात होत्या. आमच्या हाताखाली परंड्याकडची एक मुलगी नुकतीच लागली होती. तपासणीच्या बैठकीत ती म्हणाली, “सर, इथे खाली ग्राउंड तुटलंय. सोळाच्या सोळा लाइन वरून जातात.” आम्ही तिला पडद्यावरचा डोळा दाखवला. टपोरा, उघडा. म्हणालो, “सिम्युलेशन ठीक दाखवतंय ना?” तिने वहीत नोंद केली आणि गप्प बसली. बैठकीच्या टिपणातही ती एक ओळ आली. मग कुणी ती वाचली नाही.

बोर्ड बनून आले. एकेक रेष तपासली की उत्तम. सोळा रेषा एकदम बदलल्या की चुका. कंपनीत धावपळ सुरू झाली. बैठकीत कुणीतरी म्हणाले, कारखान्याने रेषांची रुंदी बिघडवली असणार. भोसरीकडचा छोटा कारखाना होता. आम्ही काही बोललो नाही. त्याचे बिल रोखायचे ठरले आणि तसे पत्र लिहायचे काम आमच्याकडेच आले. आम्ही ते लिहिले.

रमजान चालू होता. आम्ही रोजा ठेवून त्या बैठकीत बसलो होतो. खोटे काही बोललो नव्हतो, हे आम्ही स्वतःला दिवसभर सांगत राहिलो. नुसते गप्प बसलो होतो. इफ्तारनंतर घरी फोन केला. अब्बांना बोर्डातले काही कळत नसे, पण बिघाडाची गोष्ट ते लक्ष देऊन ऐकत. सगळे ऐकून त्यांनी विचारले, “एक एक बजता, सब मिलके नहीं बजता?” आम्ही म्हणालो, हो. ते म्हणाले, “तो अर्थिंग देखा क्या?”

त्या रात्री तरावीहला उभे राहिलो पण लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सिम्युलेशनची फाइल उघडली. त्यात ग्राउंडच्या जागी आम्ही एक अखंड, निर्दोष पत्रा धरलेला होता. फट काढलेलीच नव्हती. ती काढायला दोन दिवस जास्त लागले असते म्हणून. यंत्राने आम्हाला फसवले नव्हते. आम्ही जे विचारले त्याचे त्याने खरे उत्तर दिले होते. फट टाकून पुन्हा चालवले, सोळा रेषा एकदम हलवल्या, आणि डोळा मिटला. कारखान्याने बोर्डाबरोबर पाठवलेली नमुनापट्टीही मोजून पाहिली. तिचा इम्पिडन्स ठरलेल्या मर्यादेत होता. त्या माणसाची काहीच चूक नव्हती.

इथे आम्ही लगेच उठून कबुली दिली, असे लिहायला आवडले असते. पण आणखी एक रात्र गेली. नोकरीचा विचार आला, पगारवाढीचा आला, आणि वाचकांपासून काय लपवायचे, ‘आपल्या नावाच्या माणसाने’ चूक कबूल केली की ती एकट्याची राहात नाही, हाही विचार आला. तो विचार अगदीच खोटा नव्हता. पण त्या वेळी आम्ही तो ढालीसारखा पुढे धरला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना लिहून दिले: चूक आमची, नकाशा आमचा, आणि अमुक तारखेच्या टिपणात आमच्या सहकारी मुलीने ती आधीच दाखवली होती. काम सहा आठवडे लांबले. पगारवाढ गेली. नोकरी राहिली.

कारखान्याच्या मालकांना फोन करून माफी मागितली. ते रागावले नाहीत. म्हणाले, “बरं झालं साहेब, फोन केला. दिवाळीचा बोनस त्याच बिलातून द्यायचा होता.” त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. ईदगाहवरून परतताना आमच्या मनात राहून राहून त्यांचे ते वाक्य येत होते. आमच्या गप्प बसण्याचा वळसा कुणाकुणाच्या घरावरून गेला असता, याचा आम्ही हिशेबच केला नव्हता. निरोप पुढे गेला एवढेच पाहिले होते. परतीची वाट पाहिली नव्हती.

ती मुलगी नंतर बंगळुरूला गेली आणि याच कामात आमच्या कितीतरी पुढे निघून गेली. आजचे वेग तिच्याकडून ऐकताना थक्क व्हायला होते. एका रेषेवरून सेकंदाला तीस-चाळीस अब्ज बिट हे आता नेहमीचे झाले आहे. एक-शून्य या दोन पायऱ्यांऐवजी चार पायऱ्या करून पाठवतात, म्हणजे एका डोळ्याच्या जागी एकावर एक तीन बारीक डोळे. पूर्वी बोर्डाचा डोळा काढायला संगणक रात्रभर चालायचा. आता हजारो बोर्डांचे निकाल दाखवून शिकवलेले यंत्र काही क्षणांत अंदाज सांगते, डोळा किती उंच, किती रुंद. एकदा फोनवर आम्ही तिला विचारले, “मग आता तपासणाऱ्याचे काय काम?” ती म्हणाली, “सर, त्यालाही आपण दाखवलेलंच माहीत असतं. फट कधी दाखवली नसेल तर त्याला फट माहीत नाही.” ती मुद्दाम बोलली नसावी. आम्हाला मात्र ते लागले, आणि लागले ते बरे झाले.

अंदाज बांधणे वाईट नाही. त्यावर विसंबणेही वाईट नाही. त्याशिवाय एकही बोर्ड बनणार नाही. अब्जावधी बिटांत एखादीच चूक चालेल असे मोजमाप आम्ही लावतो: एक लाख कोटी बिटांत एक, म्हणजे पाच अब्जांच्या वेगाला साधारण तीन मिनिटे वीस सेकंदांत एक. इतका बारीक हिशेब करणाऱ्या माणसाला सोळा रेषांखालची फट दिसू नये, कारण ती दाखवणारी मुलगी नवी होती आणि पडद्यावरचे चित्र सुंदर होते, याला काय म्हणावे? आम्ही त्याला घमेंड म्हणतो. व्हाइटहाउसचीच, फक्त व्होल्ट कमी.

अब्बांना जाऊन काही वर्षे झाली. दुकान धाकटा भाऊ चालवतो. रेडिओ आता कुणी आणत नाही; साऊंड सिस्टीमचे काम मात्र वाढले आहे. गेल्या उरुसाला आम्ही गावी होतो. मागच्या बाजूला त्याने स्पीकर लावले होते, आणि त्यांच्यापाशी एक छोटे यंत्र होते. मंचापासून तिथवर आवाज पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ ते यंत्र मागच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम थांबवून धरते, म्हणजे दोन्ही आवाज एकदम कानी पडतात. अब्बांना त्या रात्री जो भोंगा बंद करावा लागला तो आज चालू ठेवता येतो. भावाने अंतर मोजून आकडा आधीच घातला होता.

आम्ही म्हणालो, “हिशेब बरोबर आहे.”

तो म्हणाला, “हौ, पर भाईजान, जरा पीछे जाके सुनके आओ.”

आम्ही गेलो. वयामुळे धावता आले नाही. रसाच्या गाड्यांपाशी उभे राहून कव्वाली चढेपर्यंत थांबलो, आणि शब्द कळताहेत याची खात्री झाल्यावरच हात वर केला.